पुढल्या रविवारी

कोलकात्यास बदली झाल्याचा हुकूम हाती पडला तेव्हा निरोप देणाऱ्या आप्तेष्टांनी मला अनेक प्रश्न विचारले. सरकारी जागा मिळेल का, पाणी मानवेल का, मासे खाल्ल्यावाचून त्या मुलुखात निभाव लागतो का, हे त्यांतले नेहमीचे. माझ्या वडिलांनी मात्र यातले काहीच विचारले नाही. ते पुष्कळ वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "कोलकात्याहून श्रीरामपूर किती लांब रे?"

मला ठाऊक असलेले श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले. उसाचे आणि साखरेचे. तसे मी म्हणताच ते हसले. "ते नव्हे. गंगेकाठचे. तिथे केरीची कबर आहे. जमेल तेव्हा एकदा जाऊन ये. आणि आपल्या वैजनाथशास्त्र्यांचे नाव तिथे कुठे दिसते का, तेवढे पाहा."

वडील नागपुरास एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकवीत होते. व्याकरण हा त्यांचा जीव की प्राण. इतर मुलांचे वडील परीक्षेच्या गुणांवरून रागावत. आमचे वडील ऱ्हस्वदीर्घावरून रागावत. भाजीवाल्याच्या पाटीवरचा चुकलेला उकारही ते खडूने दुरुस्त करून मगच भाजी घेत. नागपूरच्या मराठीला पुण्याकडचे लोक हसतात याचे शल्य त्यांना जन्मभर होते आणि त्या हसण्यावरचे त्यांचे उत्तरही ठरलेले होते. "हसा," ते म्हणत, "पण देवनागरी खिळ्यांत मराठी प्रथम छापली गेली ती बंगाल्यात, आणि तिला पंडित होता तो आमच्या नागपूरचा."

कोलकात्यास आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी चौकशी केली. हावड्याहून श्रीरामपूर अवघे वीस किलोमीटर. लोकल गाडीने चाळीस मिनिटांचा रस्ता, आणि गाड्याही थोड्याथोडक्या नव्हेत. दर रविवारी रात्री वडिलांचा फोन येई. प्रकृती, पाऊस, नातीचा अभ्यास इतके झाले की शेवटी तो प्रश्न ठरलेला असे, "गेला होतास का?" आणि माझे उत्तरही ठरलेले असे, "पुढल्या रविवारी जाईन."

हे उत्तर खोटे नव्हते. ते देताना दर वेळी खरोखरच जायचे माझ्या मनात असे. परंतु एका रविवारी मुलीला ताप येई, दुसऱ्या रविवारी महाराष्ट्र मंडळाची सभा असे, तिसऱ्या रविवारी नागपूरकडचे कुणी कालीघाट आणि दक्षिणेश्वर पाहावयास आलेले असे. आणि उरलेल्या रविवारी, खरे सांगायचे तर, काहीही नसे. चाळीस मिनिटांवरची वस्तू कधीही पाहता येते, म्हणूनच ती पाहिली जात नाही. परगावी नोकरी करणाऱ्या माझ्या वाचकांना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

गेल्या श्रावणात वडील गेले. रात्री अकराच्या सुमारास थोरल्या भावाचा फोन आला. हावड्याहून नागपूर म्हणजे अकराशे किलोमीटरांहून अधिक. रात्रीच्या विमानात जागा नव्हती. सकाळची गाडी पकडून मी घरी पोचलो तेव्हा दारातली रांगोळी पुसलेली होती आणि भावाच्या अंगावर ओले पंचे होते. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे अस्थी घेऊन रामटेकास गेलो. गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलाव आहे. वर डोंगरावर रामाचे देऊळ, खाली पाणी. पितळी तांब्यातले ते चार मुठी हलके काही मी पाण्यात सोडले आणि हात धुतले. आमच्यांत एवढेच असते. पुढे जाऊन बसावे, फूल ठेवावे, आपली चूक बोलून दाखवावी, अशी जागा मागे राहत नाही.

तेराव्यानंतर निघताना आईने माझ्या हाती वडिलांची एक वही दिली. ती त्यांच्या टिपणांची होती. मधल्या एका पानावर, त्यांच्या त्या ठसठशीत, दीर्घ उकार दीर्घच ठेवणाऱ्या अक्षरांत 'श्रीरामपूर' असे शीर्षक होते आणि त्याखाली तीन ओळी: १. केरीची कबर. २. कॉलेजची इमारत. ३. वैजनाथशास्त्री कानफाडे. तिसऱ्या ओळीपुढे एक प्रश्नचिन्ह होते. पान त्याखाली कोरे होते. माझ्याकडून माहिती येईल तशी ते भरणार असावेत.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी पत्नीला आणि मुलीला घेऊन मी हावड्यास गेलो. 'पुढला रविवार' असा तब्बल चार वर्षांनी उगवला. माझ्यातल्या कारकुनाने हिशेब केला, तर मध्ये दोनशेहून अधिक रविवार गेले होते.

ही रेल्वे जुनी आहे. १८५४ च्या १५ ऑगस्ट रोजी हावड्याहून हुगळीपर्यंत पहिली गाडी धावली तेव्हा वाटेतल्या मोजक्या स्थानकांत श्रीरामपूर होते. आता लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा, कोननगर, रिषडा अशी स्थानके भराभर येतात आणि प्रत्येक स्थानकावर गाडीत चढणाऱ्यांची संख्या उतरणाऱ्यांहून अधिक असते. झालमुडीवाला, संत्रीवाला, सुईदोऱ्यापासून कंगव्यापर्यंत सारे विकणारा आंधळा माणूस, यांची ये-जा चालली होती. माझी मुलगी खिडकीशी बसून स्थानकांच्या पाट्या वाचीत होती. ती इथल्या शाळेत दुसरीत आहे. पाटीवर नाव तीन लिप्यांत असते. ती आधी बंगाली वाचते, मग इंग्रजी आणि शेवटी नागरी. तिचा हा क्रम पाहून पूर्वी मला थोडे वाईट वाटे. आता वाटत नाही, असे मी म्हणणार नाही.

आमच्या कचेरीतले बडेबाबू मला प्रेमाने 'बर्गी' म्हणतात. मी वेळेवर कामावर आलो की 'बर्गी आले, खजिना सांभाळा' हा त्यांचा विनोद चार वर्षे न शिळा होता चालू आहे. बंगाल्यात आजही लहान मुलांना निजवताना बर्ग्यांची भीती घालतात हे इथे राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला केव्हा ना केव्हा कळते, आणि कळते तेव्हा तो चपापतो. ते बर्गी आमच्या नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे. १७४२ पासून नऊदहा वर्षे त्यांच्या फौजा या सुपीक मुलुखात येत राहिल्या. भास्करराम कोल्हटकरास अलिवर्दीखानाने १७४४ साली भेटीस बोलावून मारले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहात नबाबाने साल बारा लाखांची चौथ कबूल केली तेव्हा त्या थांबल्या. या भीतीपोटी कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती १७४२ मध्ये जो खंदक खणावयास घेतला तो 'मराठा खंदक' म्हणून प्रसिद्ध झाला. मराठे शहरावर आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला आणि १७९९ मध्ये तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. त्या रस्त्याच्या बसने मी कित्येकदा गेलो आहे. आपल्या पूर्वजांच्या भीतीवरून आपण तिकीट काढून जात आहोत, हा विचार बसमध्ये उभे राहावयास जागा नसताना फारसा सुखावह वाटत नाही.

मौज अशी की ज्या रघूजीच्या नावाने बंगाली मुले निजत, त्याच रघूजी भोसल्यांच्या घराण्याची वंशावळी पुढे साठपासष्ट वर्षांनी बंगाल्यात, गंगेच्या काठी, मोडी खिळ्यांत छापून निघाली. ज्या छापखान्यात ती निघाली त्याचा धनी आज आम्ही पाहावयास निघालो होतो.

विल्यम केरी हा इंग्लंडातल्या नॉर्दम्प्टनशायरमधल्या एका खेड्यात १७६१ साली जन्मला. धंद्याने तो चांभार. पुढे मोठेपणी, थोरामोठ्यांच्या पंक्तीत कुणी त्याला ऐकू जाईल अशा बेताने 'हे पूर्वी जोडे करीत असत ना?' असे विचारले, तेव्हा 'नाही महाराज, जोडे करण्याइतका मी मोठा नव्हतो, फाटके शिवीत असे' असे उत्तर त्याने दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १७९३ च्या नोव्हेंबरात तो कलकत्त्यास उतरला. कंपनी सरकारला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते. म्हणून काही वर्षे उत्तर बंगाल्यात मुदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी करून १८०० च्या जानेवारीत तो श्रीरामपुरास आला. श्रीरामपूर त्या काळी डेन्मार्कच्या राजाचे होते. १७५५ ते १८४५ अशी नव्वद वर्षे तिथे डेन लोकांचे निशाण होते आणि गावाचे सरकारी नाव होते फ्रेडरिक्सनगर. तिथे वॉर्ड हा मुद्रक आणि मार्शमन हा शिक्षक असे दोन सोबती त्याला मिळाले. तिघांची कुटुंबे एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि मिळकत एका पेटीत टाकीत.

त्याच वर्षी कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. इंग्लंडातून येणारी कंपनीची पोरसवदा कारकून मंडळी, ज्यांना 'रायटर' म्हणत, त्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी ते होते. केरी तिथे १८०१ मध्ये बंगाली आणि संस्कृत शिकवू लागला. पगार दरमहा पाचशे रुपये; तोही त्या सामायिक पेटीत जाई. १८०३ च्या डिसेंबरात देवगावचा तह होऊन भोसल्यांनी कटक प्रांत सोडला, आणि लगोलग कंपनीला मराठी जाणणारे कारकून हवेसे झाले. १८०४ पासून मराठीही केरीकडे आली. आठवड्यातले काही दिवस तो बोटीने कलकत्त्यास जाई, तिथे राहून शिकवी आणि पुन्हा श्रीरामपुरास येऊन छापखान्यात बसे. आज सकाळी हातात डबा घेऊन या लोकलने जाणारी जी हजारो 'डेली पॅसेंजर' मंडळी आहेत, त्यांचा मूळपुरुष म्हणून त्याची तसबीर हावड्याच्या फलाटावर लावावयास हरकत नाही.

आता, मराठी शिकवायची तर पुस्तक हवे, आणि पुस्तक तर नव्हतेच. मराठीत शब्द होते, ओव्या होत्या, बखरी होत्या, पत्रांचे ढीग होते. परंतु भाषेचे नियम सांगणारे इंग्रजी छापील पान नव्हते. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन अक्षरांत. केरीने नागपूरचे वैजनाथशास्त्री कानफाडे यांना हाताशी धरले. हे शास्त्री फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचे मुख्य पंडित होते. १८०५ साली केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपुरास छापून निघाले. ते इंग्रजीत होते, पण त्यातली मराठी नागरी खिळ्यांत होती. शेवटी नित्याच्या व्यवहारातले संवाद जोडलेले होते. त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान निघाले. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला, तो मोडी खिळ्यांत. १८१४ साली शास्त्र्यांची 'सिंहासनबत्तिशी' निघाली, १८१५ साली 'हितोपदेश', आणि मागोमाग राजा प्रतापादित्याचे चरित्र व भोसल्यांची वंशावळी. हे खिळे पाडण्याची विद्या पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने छापखान्यात आणली आणि त्याचा जावई मनोहर याने ती पुढे चालवली. म्हणजे इंग्रज चांभार, नागपूरकर शास्त्री, बंगाली लोहार आणि डेन राजाची हद्द, इतक्या जणांनी हात लावला तेव्हा आपली भाषा छापखान्यात शिरली. ही सारी खटपट मराठी माणसासाठी नव्हती, परक्या कारकुनांसाठी होती, हे वडील कधी लपवीत नसत. "तरी झाली ना?" एवढेच ते म्हणत. त्या पुस्तकांतली मराठी पुण्यामुंबईकडच्या लोकांना ओबडधोबड वाटली. ती नागपूरकडची होती. वडिलांच्या अभिमानाचे मूळ त्या ओबडधोबडपणातच होते.

श्रीरामपूरला उतरलो. स्थानकाबाहेर टोटोंची झुंबड. 'केरी साहेबांची कबर' म्हटल्यावर पहिल्या टोटोवाल्याने मान हलविली, दुसऱ्याने तिसऱ्याकडे बोट दाखविले आणि तिसऱ्याने 'बसा' म्हटले. गर्दीच्या रस्त्यांतून, मिठाईच्या दुकानांवरून, कपड्यांच्या दुकानांवरून वळणे घेत त्याने आम्हांला एका भिंतीशी उतरविले.

मी कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी पाहिली होती. १७६७ मध्ये सुरू झालेली ती जागा म्हणजे दगडविटांचे एक गावच आहे; मनोरे, घुमट, खांब. सर विल्यम जोन्सचा उंच सुळका तिथे आहे, बाविसाव्या वर्षी गेलेल्या डिरोझिओची कबर तिथे आहे. विशीतिशीत हिवतापाने आणि पटकीने गेलेली कारकून मंडळी तिथे रांगेने पडली आहेत आणि घरच्यांनी दुःखाच्या मानाने दगड चढवले आहेत. श्रीरामपुरात तसे काही असेल या अपेक्षेने मी आत शिरलो. तसे काही नव्हते. लहानसे आवार, झाडे, पावसाळ्यात चढलेल्या आणि आता वाळून काळ्या पडलेल्या शेवाळाचे पट्टे, गवतात बुडालेल्या काही शिळा. राखणदार म्हातारा उन्हात बसला होता. त्याने हाताने दिशा दाखविली आणि पुन्हा ऊन खाऊ लागला.

आमच्याकडे समाधी म्हटली की पायाला चढण लागते. रायगडावर महाराजांच्या समाधीपाशी माणूस पोचतो तो धापा टाकीत, आणि ती धाप हाही एक नमस्कारच असतो. बंगाल्याची भूमी तळहातासारखी सपाट. इथे मेलेल्या माणसाकडे जावयास काहीच श्रम पडत नाहीत. चाळीस मिनिटे आणि टोटोचे भाडे. मला न लागलेली ती धाप त्या वेळी फार जाणवली.

केरीच्या कबरीवर त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे मोजके कोरलेले आहे. आपली प्रेतयात्रा होईल तितकी साधी असावी, आपल्याला दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारी पुरावे, आणि तिच्याच दगडावर, वर किंवा खाली जिथे जागा असेल तिथे, आपले नाव, जन्म, मृत्यू आणि एका स्तोत्रातल्या दोन ओळी एवढेच घालावे, याहून काही नको, असे त्याने लिहून ठेवले होते. त्या दोन ओळींत तो स्वतःला एक दीन, असहाय किडा म्हणवतो आणि देवाच्या हातांत पडतो. १७ ऑगस्ट १७६१. ९ जून १८३४. कॉलेज नाही, कोश नाही, व्याकरण नाही. सती बंदीचा १८२९ चा कायदा बंगालीत त्याने उतरवला हेही नाही. १८१२ च्या मार्चमध्ये छापखाना जळाला, वर्षानुवर्षांची हस्तलिखिते आणि खिळे एका रात्रीत गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने पुन्हा आरंभ केला, याचाही उल्लेख नाही.

मी पत्नीला लेखाचा अर्थ सांगितला. केरी इथे एकेचाळीस वर्षे राहिला आणि एकदाही मायदेशी गेला नाही, हेही सांगितले. हे सांगताना माझ्या आवाजात थोडे कौतुक आले असावे. ती दगडाकडे पाहत होती. तिने विचारले, "दुसरी पत्नी, म्हणजे पहिली कुठे आहे?"

पहिलीची हकीकत मला ठाऊक होती. मी ती सांगणार नव्हतो इतकेच. डॉरोथी हिंदुस्थानात यावयास तयार नव्हती. पोटात मूल, त्यात समुद्राचा प्रवास. तिने नाही म्हटले. जहाजाला उशीर झाला तेव्हा नवरा पुन्हा आर्जव करावयास गेला. तोवर मूल जन्मले होते. सोबत बहीण येत असेल तर येते, असे म्हणून ती अखेर निघाली. मुदनाबाटीस त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर १७९४ मध्ये आमांशाने गेला आणि त्यानंतर तिचे मन ठिकाणावर राहिले नाही. बारा वर्षे ती तशी होती. एका खोलीत ती आणि शेजारच्या खोलीत भाषांतर करणारा तिचा नवरा. १८०७ च्या डिसेंबरात श्रीरामपुरासच ती सुटली. पुढच्या वर्षी केरीने शार्लटशी लग्न केले.

हे ऐकून पत्नी काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "१८०५ चे ते व्याकरण म्हणजे तिच्या त्या बारा वर्षांतलेच."

मी हो म्हणालो. हा हिशेब मी कधी केला नव्हता. वडिलांनीही केला नसावा. माझी पत्नी नागपुरास एका शाळेत शिकवीत होती. कायम होण्यास वर्ष उरले असताना माझ्या बदलीपायी तिने ती नोकरी सोडली. त्याविषयी ती कधी बोलली नव्हती आणि आजही बोलली नाही. तिने वेणीतले शेवंतीचे फूल काढले आणि कबरीच्या ज्या बाजूला कुणाचेच नाव वाचता येत नव्हते तिथे, जमिनीवर ठेवले. राखणदार तिकडे पाहत होता. तो काही म्हणाला नाही.

मग मी वैजनाथशास्त्र्यांचे नाव शोधू लागलो. आवारातली वाचता येईल ती प्रत्येक शिळा मी वाचली. वॉर्ड वाचला, मार्शमन वाचला, त्यांची मुलेबाळे वाचली. नागपूरच्या ब्राह्मणाचे नाव ख्रिस्ती दफनभूमीत असणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. वडिलांना ते कळत नव्हते असे मुळीच नाही. तरी त्यांनी 'पाहा' म्हटले होते, म्हणून मी पाहिले. दुपारचे ऊन डोक्यावर आले तेव्हा पाहावयाची एकही शिळा उरली नाही. वाटले, शास्त्र्यांची तरी कुठे जागा असणार? आमच्यांत एवढेच असते, पाणी. त्यांच्या नावाचा दगड म्हणजे त्यांनी मोडीत उतरविलेली ती दोनचार पुस्तके. आणि ती मोडी वाचता येणारी माणसेही आता शोधावी लागतात.

तिथून आम्ही नदीकाठी कॉलेजसमोर गेलो. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या या कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली. समोरचे उंच खांब पाहून मुलीने ते मोजले. रविवार असल्याने आत जाण्याचा प्रश्न नव्हता. केरीची बाग या नदीकाठीच होती. आपण गेल्यावर मार्शमन बागेत गाई सोडील अशी काळजी त्याला शेवटच्या दुखण्यात लागली होती असे सांगतात. मला हा केरी किड्यावरच्या ओळी लिहवून घेणाऱ्या केरीहून अधिक जवळचा वाटला. मरताना माणसाला सहसा असलेच काही आठवते. माझ्या वडिलांनी शेवटच्या संध्याकाळी आईला, दारातली नवी पाटी चुकीची रंगवली आहे, रंगाऱ्याला बोलाव, असे सांगितले होते.

घाटाच्या पायरीवर बसून आम्ही डबा खाल्ला. पलीकडे बराकपूर धुक्यात होते. होडी भरून माणसे तिकडे जात होती. वाटेत घेतलेला नव्या गुळाचा संदेश मुलीने आधी संपविला. मी पिशवीतून वही काढली. पहिल्या ओळीपुढे 'पाहिली' असे लिहिले. दुसरीपुढे 'पाहिली, बाहेरून' असे लिहिले. तिसरीपाशी पेन थांबले. प्रश्नचिन्हापुढे काय लिहावे? 'नाही' लिहिणे खरे होते, पण ते पुरे नव्हते. वडील असते तर मी रात्री फोनवर सांगितले असते की तिथे शास्त्र्यांचे नाव नाही, आणि ते म्हणाले असते, "मला ठाऊक होते रे. तू गेलास ना?" चार वर्षे ते हेच विचारीत होते आणि मी मात्र ते केरीविषयी विचारतात असे समजत होतो. घरापासून इतक्या लांब पडलेल्या मुलाला त्या परक्या मुलखात आपले म्हणावे असे काही एक ठिकाण असावे, एवढाच त्या म्हाताऱ्याचा हेतू असेल.

मुलगी वहीत डोकावत होती. तिने आजोबांचे शीर्षक वाचले. मग म्हणाली, "बाबा, स्टेशनवर 'पु' ऱ्हस्व आहे. बंगालीतही ऱ्हस्व आणि खालच्या हिंदीतही ऱ्हस्व. आजोबांनी दीर्घ लिहिलाय. कुणाचे बरोबर?"

मी म्हणालो, "सगळ्यांचे. हिंदीत आणि बंगालीत ऱ्हस्व, मराठीत दीर्घ."

"का?"

याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे आहे. मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार, शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर, दीर्घ होतो. हा नियम मला वडिलांनी तिच्याच वयाचा असताना, जेवताना, ताटाकडे पाहत सांगितला होता. मी तो तिला सांगितला. तिने बोटांनी 'फूल', 'मूल', 'नागपूर' असे मोजून पाहिले, 'ठीक आहे' म्हणाली, माझ्या हातून पेन घेतले आणि तिसऱ्या ओळीच्या खाली, कोऱ्या जागेत, आपल्या वाकड्या अक्षरांत लिहिले: श्रीरामपूर. उकार चांगला लांब ओढला.

प्रश्नचिन्ह तसेच राहिले आहे. परतीच्या गाडीत उभे राहावयासही जागा नव्हती. रात्री मी आईला फोन केला. प्रकृती, थंडी, नातीचा अभ्यास इतके झाल्यावर ती थोडी थांबली. मग तो प्रश्न तिने विचारला.

मी म्हणालो, "हो. आज जाऊन आलो."